दहा हजारांचं सोडा, पानटपरीचं बोला

वाचकाचं पत्र

डॉक्टर, नमस्कार. वय ६८. एस.टी.त ड्रायव्हर होतो, आता अमळनेरला घरीच. शुगर बरीच जुनी, मागून बीपी लागलं. सकाळी ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनची गोळी, बीपीला मेटोप्रोलॉल. विडी सोडली, तंबाखूची चिमूट अजून सुटलेली नाही.

पुण्याच्या मुलाने पावलं मोजणारं घड्याळ पाठवलंय. रोज दहा हजार झालीच पाहिजेत असा त्याचा हुकूम, आणि आकडा त्याला तिकडे फोनवर दिसतो. रात्री जेवणानंतर कमी भरली तर मी अंगणात भराभर फेऱ्या मारून पुरी करतो. एवढं करून घड्याळ म्हणतं, ठोके वाढले नाहीत, व्यायाम हलका झाला. सोबतची मंडळी म्हणतात, पहाटे पाचला उपाशीपोटी चाललं तरच फायदा. खरं काय?

कॉलेजच्या अलीकडे पानटपरी आहे, तिथपर्यंत गेलो की उजवी पोटरी भरून येते. आमच्या अहिराणीत, पाय भरी येतस. दोन-तीन मिनिटं उभा राहिलो की मोकळं होतं, मग पुढे निघतो. गुडघ्याचंच असणार, वय झालं. सून तेल लावून देते.

चैत्रात सप्तशृंगीच्या गडावर पायी जायचा नवस आहे, अनवाणी. जमेल ना? मंडळी (वय ६३) माझ्यासोबत चालायला येत नाही. म्हणते, दिवसभर घरात चालतेच की. (गच्चीवर चढताना तिला धाप लागते, मध्ये थांबते. वजन वाढलंय ना.)

– आप्पा, अमळनेर

उत्तर

आप्पा, नमस्कार.

तुमच्या पत्रात जे विचारलंय त्यापेक्षा जे जाताजाता सांगून टाकलंय ते मला जास्त महत्त्वाचं वाटलं. दहा हजारांवर अर्धं पत्र आणि पानटपरीवर चार ओळी. मी उलटं करणार आहे.

पोटरी रोज साधारण त्याच अंतरावर भरून येते, त्याच पायाची, आणि नुसतं उभं राहिलं की दोन-तीन मिनिटांत मोकळी होते. गुडघा असा वागत नाही. गुडघ्याचं दुखणं सांध्यात असतं. खाली बसून उठताना, जिना उतरताना, सकाळी पहिली चार पावलं टाकताना ते जास्त जाणवतं. चार पावलं चाललं की कित्येकदा बरंच वाटतं. मणक्याची नस दबली असेल तर पाय भरून येतात खरे, पण बहुधा दोन्ही. सोबत मुंग्या येतात, आणि नुसतं उभं राहून भागत नाही, बसावं लागतं किंवा पुढे वाकावं लागतं. असा माणूस सायकल मजेत चालवतो, कारण हँडलवर तो वाकलेला असतो. तुम्हाला मात्र पानटपरीशी उभं राहिलं की पुरतं. म्हणून मला पहिली शंका येते ती पायाच्या रक्तवाहिनीची.

डिझेलच्या लाइनीत कचरा साठला तर गाडी कशी वागते हे तुम्हाला मी काय सांगावं. स्टँडवर उभी असताना आवाजसुद्धा बदलत नाही, सपाटीला बरी पळते, आणि कन्नडचा घाट लागला की झटके देते, कारण तिथे लागतं तेवढं डिझेल पोहोचत नाही. पायाच्या धमनीत चरबीचा थर बसून ती अरुंद झाली की तसंच होतं. बसलेल्या पोटरीला तेवढं रक्त पुरतं, चालत्या पोटरीला पुरत नाही, मग ती दुखून थांबायला लावते. थांबलात की मागणी उतरते आणि दुखणं जातं. जुनी शुगर, बीपी, वर्षानुवर्षांची विडी आणि अजून चालू असलेली चिमूट, यातली एकेक गोष्ट हा थर वाढवणारी आहे. तुमच्याकडे चारही आहेत.

मग हा हृदयाचा विषय कसा? पायाला आणि हृदयाला वेगवेगळं रक्त जात नाही. पायाच्या धमनीत थर असेल तर हृदयाच्या आणि मेंदूकडे जाणाऱ्या धमन्यांतही तो असण्याची शक्यता बरीच असते. पायाच्या धमन्या अरुंद झालेल्यांत हार्ट अटॅक आणि लकव्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, हे नीट सिद्ध झालेलं आहे. तेल लावून पोटरीला बरं वाटेल, सुनेच्या हाताला गुण असेल, पण धमनीतला थर तेलाने हलत नाही. आणि एक सांगून ठेवतो: त्या पायावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका. जुन्या शुगरने पायाची जाणीव कमी झालेली असते, चटका बसलेला कळत नाही, आणि रक्त कमी असलेल्या पायावरची जखम महिनोन् महिने भरत नाही.

तपासणी सोपी आहे, सुई नाही की काही नाही. दंडाचं बीपी घेतात तसं घोट्याचंही घेतात आणि घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागतात. उत्तर ०.९ किंवा त्याहून कमी आलं तर पायात अडथळा आहे असं धरतात. जुन्या शुगरवाल्यांच्या धमन्या कधीकधी इतक्या कडक होतात की हा आकडा खोटाच चांगला दिसतो. मग पायाचं डॉप्लर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करतात. तुमच्या डॉक्टरांना एवढंच सांगा: "चालताना ठरावीक अंतरावर पोटरी दुखते, थांबलं की जाते." पुढचं त्यांना समजेल. "पाय दुखतात" असं मोघम सांगितलंत तर कॅल्शियमच्या गोळ्या मिळतील. अमळनेरला सोय नसली तर धुळे आणि जळगाव दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. सोबत ईसीजी, कोलेस्टेरॉल, तीन महिन्यांच्या सरासरीची शुगर (एचबीएवनसी) आणि किडनीची रक्ततपासणी करून घ्या. कोलेस्टेरॉल कमी करणारी आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी तुम्हाला लागण्याची शक्यता आहे, पण ती डॉक्टरांनी तपासून द्यायची. मेडिकलवाल्याला विचारून घ्यायची नाही.

हे काम महिनाभरात करा. मात्र रात्री झोपेत पाय दुखायला लागला आणि खाटेखाली लोंबकळता सोडला की बरं वाटायला लागलं, पायाचं बोट काळंनिळं पडलं, पाय एकाएकी गार पडला, किंवा जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर महिना नाही, त्याच दिवशी जायचं.

आता तुम्हाला आवडेल अशी बातमी. या दुखण्यावर चालणं हाच मुख्य उपचार आहे. दुखतं म्हणून खाटेवर बसणारा माणूस दिवसेंदिवस कमी अंतरावर थांबायला लागतो. नेमाने चालणाऱ्याची पोटरी तेवढ्याच रक्तात जास्त काम करायला शिकते. पद्धत अशी: दुखायला लागलं तरी लगेच थांबायचं नाही, बऱ्यापैकी दुखेपर्यंत चालायचं, मग उभं राहून पूर्ण मोकळं होऊ द्यायचं, पुन्हा निघायचं. असं थांबत-चालत तीस ते पंचेचाळीस मिनिटं, आठवड्यातून निदान तीन दिवस, निदान बारा आठवडे. पानटपरी दोन महिन्यांनी न थांबता ओलांडलीत तर तो आकडा घड्याळातल्या कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा. पण हे ईसीजी आणि तपासणी झाल्यावर. दुखणं पायाचं आहे आणि हृदय धडधाकट आहे हे कोणीतरी पाहिलेलं असलं पाहिजे.

आणि चिमूट. विडी सोडलीत ते अवघड होतं, तेच जमलं. चिमटीसाठी वेगळं प्रवचन देत नाही. निकोटिन धमन्या आवळतं, मग ते धुरातून आलेलं असो की गालातून. पानटपरीपाशी थांबणं भाग आहे म्हणून तिथे हात पुढे करणंही भाग आहे असं नाही.

आता तुमचे दहा हजार. हा आकडा कुठल्या दवाखान्यातून आलेला नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये चालण्याची हवा होती, त्यात १९६५ मध्ये एका कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं आणि त्याच्या नावातच दहा हजार घातले. गोल आकडा, लक्षात राहणारा, विकायला सोपा. तिथून तो तुमच्या मनगटावर आला. पुढे लोकांनी खरंच मोजून पाहिलं. अमेरिकेत सरासरी ७२ वर्षांच्या सुमारे १६,७०० बायकांची पावलं मोजून त्यांच्याकडे काही वर्षं लक्ष ठेवलं. २०१९ मध्ये निष्कर्ष छापून आले. दिवसाला साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी होतं. ७,५०० च्या पुढे पावलं वाढवून आणखी फायदा दिसला नाही. आता यातही गोम आहे. जी तब्येतीने बरी असते तीच जास्त चालते, म्हणून सगळं श्रेय पावलांना देता येत नाही. तरी एवढं नक्की की चार-साडेचार हजारांनाही किंमत आहे आणि साडेनऊ हजारांवर झोपलात तर आभाळ कोसळत नाही. मुलाला हा परिच्छेद वाचून दाखवा. त्याची काळजी खरी आहे, आकडा उसना आहे.

पावलांपेक्षा वेळ धरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम वेगाचं चालणं सांगितलंय, पासष्टीनंतरच्या लोकांनाही तेवढंच. पाच दिवस रोज अर्धा तास झालं की खालचा आकडा गाठला. एकदम अर्धा तास नको असेल तर दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे करा, तेही जमेस धरतात.

तुम्ही ड्रायव्हर होतात म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. चालणं आणि हृदय यांचा संबंध पहिल्यांदा नीट कोणी दाखवला असेल तर तो बसवाल्यांच्या जिवावर. लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरने दुमजली बसवरच्या ड्रायव्हर-कंडक्टरांच्या आजारपणाच्या नोंदी काढल्या आणि १९५३ मध्ये छापल्या. गाडी तीच, डेपो तोच, पगारही फार वेगळा नाही. ड्रायव्हर दिवसभर सीटवर, कंडक्टर दिवसभर जिना चढ-उतर करणारा. कंडक्टरांत हृदयविकार कमी निघाला, आणि झाला तरी बराच सौम्य. मग त्याने टपालखात्याकडे पाहिलं: चालत-सायकलवर पत्रं वाटणारे पोस्टमन आणि खुर्चीवरचे कारकून. तिथेही तोच फरक. गडी इतका चिकित्सक की पुढे त्याने कर्मचाऱ्यांच्या गणवेशाची मापं काढून पाहिली, तर ड्रायव्हरांची कंबर नोकरीला लागतानाच कंडक्टरांपेक्षा मोठी निघाली. म्हणजे सगळा दोष सीटवर टाकून चालणार नाही, हेही त्यानेच सांगितलं. स्वतः मात्र व्यायाम धरला तो सोडला नाही, आणि २००९ मध्ये ९९ व्या वर्षी गेला. तुमच्या सोबतचे कंडक्टर आता कसे आहेत, अमळनेरच्या स्टँडवर कधी विषय निघाला तर विचारा. आपल्या लाल डब्यात जिना नव्हता, पण गर्दीतून पुढून मागे जाणं काही थोडं नव्हतं.

घड्याळ ठोक्यांवरून कुरकुर करतं, त्याचं कारण तुमच्या औषधाच्या डबीत आहे. बीपीसाठी दिलेलं मेटोप्रोलॉल हृदयाचे ठोकेही कमी ठेवतं, ते त्याच्या कामातच येतं. तुम्ही जोरात चाललात तरी ठोके इतरांएवढे वर जाणार नाहीत. घड्याळाला तुमची गोळी माहीत नाही, म्हणून ते तुम्हाला आळशी ठरवतं. त्याच्या नादी लागून वेग वाढवू नका, आणि गोळी तर अजिबात मनाने बंद करू नका. ती एकाएकी सोडली तर हृदयावर उलटा ताण येतो. वेग ओळखायची खूण सोपी आहे. चालता चालता सोबत्याशी सलग बोलता येतंय, पण आरती म्हणायला गेलात तर दम पुरत नाही, हा मध्यम वेग. आरती खुशाल म्हणता येतेय तर थोडं रेटा. वाक्य अर्धवट तुटतंय तर हळू व्हा.

पहाटे पाच आणि उपाशीपोटी, या दोन्हींबद्दल तुमच्या सोबत्यांशी माझं पटत नाही. पहाटेच चाललं तरच फायदा याला आधार नाही. सध्या थंडी आहे, आणि धुळ्याकडचा, तुमच्याकडचा पारा जानेवारीत कसा उतरतो हे सांगायला नको. गार हवेत धमन्या आवळतात, बीपी वर जातं, हृदयावर बोजा पडतो. सूर्य वर आल्यावर, साडेसात-आठला निघा, कान झाकून. पहिली पाच मिनिटं अगदी रमतगमत, शेवटची पाचही तशीच. मार्च लागला की उलटं करायचं: सहा-साडेसहाला निघून उन्हं चढायच्या आत घरी. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. त्या दिवसांत सकाळ चुकली तर घरातल्या घरात, ओसरीत, दिवाणखान्यात चाललेलं बरं. निघण्याआधी आणि आल्यावर पाणी प्या. उन्हाळ्यात चालून आल्यावर उठताना चक्कर येत असेल तर बीपी मोजून डॉक्टरांना दाखवा, गोळीचं प्रमाण बदलावं लागू शकतं.

उपाशीपोटीची गोष्ट तुमच्यासाठी जास्त गंभीर. ग्लिमेपिराइड शुगर खाली ओढतं, चालणंही शुगर खाली ओढतं. दोन्ही एकत्र आणि पोटात काही नाही, म्हणजे शुगर धोक्याइतकी उतरू शकते. त्यात मेटोप्रोलॉलमुळे छातीत धडधड आणि हातांना कंप ही शुगर उतरल्याची नेहमीची लक्षणं दबतात. उरतो तो एकटा घाम. थंडीत चालताना विनाकारण दरदरून घाम आला, डोकं गरगरलं, शब्द सुचेनासा झाला तर तिथेच बसायचं आणि गोड खायचं. सदऱ्याच्या खिशात ग्लुकोजची पुडी किंवा साखर कायम असू द्या. गोळी आणि नाश्ता झाल्यावर तासाभराने चाललात तर हा धोका बराच कमी होतो; उन्हाळ्यात सहाला निघतानाही उपाशीपोटी नको.

रात्रीच्या अंगणातल्या फेऱ्या मात्र बदला. जेवणानंतर दहा मिनिटं सावकाश चालणं शुगरला फार चांगलं. जेवल्यावर नुसतं दोन-पाच मिनिटं चाललं तरी रक्तातली साखर कमी वर जाते. पण भरीत-पुरीवर आडवा हात मारून लगेच घड्याळ वाजेपर्यंत भराभर चालणं हृदयाला परवडत नाही. पोटाकडे रक्त वळलेलं असतं त्याच वेळी पायही मागतात. भरीत सोडा असं मी म्हणणार नाही, वांग्याच्या दिवसांत खानदेशात राहून ते शक्यही नाही. बीपीवाल्याने पुरीऐवजी कळण्याची भाकरी घ्यावी, आणि ठेचा-पापड-बिबड्यांचं मीठ मोजावं.

छातीबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, म्हणून मीच विचारतो. चालताना छातीवर दडपण, जबड्यात, गळ्यात किंवा डाव्या हातात ओढ, थांबल्यावर जाणारी, असं कधी होतं का? होत असेल तर चालणं बंद ठेवून त्याच आठवड्यात हृदयरोगतज्ज्ञ गाठा. आणि बसल्या जागी दडपण आलं, घाम सुटला, मळमळलं, आणि दहा-पंधरा मिनिटांत गेलं नाही, तर तो गॅस आहे की नाही याची चर्चा घरात करायची नाही. तिखट शेवभाजी खाल्ली होती म्हणून ॲसिडिटीच असणार, असं ठरवून सोडा पीत रात्र काढलेले लोक आमच्याकडे सकाळी येतात, तेव्हा हृदयाचा स्नायू बराच मेलेला असतो. १०८ ला फोन करायचा. मोटारसायकलवर मागे बसून जायचं नाही. शेजारच्याची सॉर्बिट्रेट (छातीत दुखण्यावरची गोळी) उभ्याउभ्या जिभेखाली ठेवायची नाही, बीपी धाडकन उतरून माणूस पडतो. अशा वेळी ॲस्पिरिन चघळायची की नाही, हे तुमच्या डॉक्टरांना आत्ताच विचारून कागदावर लिहून ठेवा. जुन्या शुगरवाल्यांना छातीत दुखत नाहीसुद्धा. नुसती धाप, नुसता थकवा, एवढ्यावरच अटॅक येऊन जातो.

आता गड. खानदेशातून चैत्रात किती लोक पायी निघतात हे मला माहीत आहे, आणि नवस ही काय गोष्ट असते तेही. तरीही पोटरीची तपासणी व्हायच्या आत मी हो म्हणणार नाही. धुळे, मालेगाव, देवळा, कळवण असा रस्ता, चैत्रातलं ऊन, रोजची दमछाक, जागरण, वेळीअवेळी जेवण आणि सोबत शुगरच्या गोळ्या. अनवाणीला तर माझा साफ नकार, तपासणी कितीही चांगली येवो. एप्रिलच्या दुपारी डांबर भाजतं, तुमच्या तळव्याला ते कळेलच याची खात्री नाही, आणि तळव्याला फोड येऊन पुढे बोट कापावं लागलेले पाय मी पाहिलेत. आईने अनवाणीच या असा हट्ट धरला असेल असं मला वाटत नाही.

मध्यममार्ग सांगतो. चैत्र पौर्णिमेला अजून बारा-तेरा आठवडे आहेत, आणि पोटरीचा उपचारही बाराच आठवड्यांचा आहे. या आठवड्यात तपासणी केलीत, डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला आणि नेमाने चाललात, तर या वर्षी गडाच्या पायथ्याच्या नांदुरीपर्यंत एस.टी.ने जा. तुम्ही पासष्टीच्या वरचे, अर्धं तिकीट, आणि गाडी तुमचीच. तिथून पुढे गडाची वाट बूट घालून जेवढी झेपेल तेवढी चाला, नाही झेपली तर गडावर जाणारी एस.टी. आहेच. वर मंदिराच्या पाचशेच्या आसपास पायऱ्या आहेत. चढताना पोटरीने किंवा छातीने हाक दिली तर रुळांवरून वर नेणारी फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, तीत बसायला कमीपणा नाही. पूर्ण पायी वारीचं पुढच्या वर्षी बोलू.

बुटांचं तेवढं लगेच करा. चपलेवर चालणं बंद. बूट संध्याकाळी घ्यायला जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा सुटली पाहिजे. सुती मोजे. घालण्याआधी बूट झटकायचा, आणि रोज रात्री तळवे बघायचे. वाकून दिसत नसतील तर आरसा खाली ठेवायचा. दवातल्या गवतावर अनवाणी चाला असं व्हॉट्सॲपवर फिरतं, ते तुमच्यासाठी नाही. फुटपाथ नसलेल्या रस्त्यावर उजव्या कडेने, समोरून येणारी वाहनं दिसतील असं चाला. मागून काय येतंय यावर विश्वास ठेवू नका, हे ड्रायव्हरला काय सांगायचं! पायात बळ राहावं म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा, आणि ओट्याला धरून एका पायावर उभं राहायचा सराव करा. या वयात पडून मांडीचं हाड मोडलं तर चालण्याचा विषयच संपतो.

राहिल्या तुमच्या मंडळी. घरात दिवसभर चालणं हे काही नाहीच, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. झाडलोट, पाणी, स्वयंपाक यात शरीर हलतं आणि ते मोजावंही. पण ते चार पावलं आणि थांबणं असतं, हृदयाला सलग काम मिळत नाही. संध्याकाळी वीस मिनिटं त्यांच्यासोबत निघा, वेग त्यांचा ठेवा. तुमचा वेग ठेवलात तर दुसऱ्या दिवशी त्या येणार नाहीत, आणि दोष चालण्याला देतील.

हे सगळं मात्र नंतर. त्या गच्चीवर चढताना मध्ये थांबतात, हे तुम्ही कंसात टाकलंत आणि वजनावर ढकललंत. साठीनंतरच्या बाईला जिन्यात लागणारी नवी धाप ही वजनामुळे असेल, रक्त कमी असल्यामुळे असेल, किंवा हृदयामुळेही असेल. बायकांत हृदयाचा त्रास पुष्कळदा छातीत न दुखता असाच येतो, धापेने, थकव्याने, पाठीतल्या दुखण्याने. आणि आपल्या घरात बाईची धाप ही शेवटी बघायची गोष्ट असते. त्यांचं बीपी, हिमोग्लोबिन, शुगर, थायरॉइड आणि ईसीजी व्हायला हवा. लागला तर टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. धाप गेल्या काही आठवड्यांत वाढली असेल, किंवा रात्री आडवं पडल्यावरही लागत असेल, तर त्यांना तुमच्याआधी न्या. नसेल तर तपासणीला दोघं एकाच दिवशी जा आणि खिडकीवर दोन केसपेपर काढा.